स्प्रे ड्रायरवर सच्छिद्र सिलिका कण: नवख्यांसाठी पहिल्या दोन बॅचचे मार्गदर्शन

कोलॉइडल सिलिकाचा द्राव, म्हणजे पाण्यात तरंगत राहिलेले सिलिकाचे अतिसूक्ष्म मणी, नाशिकमधल्या अनेकांच्या हाताखालून जातो, पण त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहण्याची वेळ फार थोड्यांवर येते. वाइन निवळण्यासाठी जिलेटिनच्या जोडीने सिलिका सोल (याच द्रावाचे दुसरे नाव) घालण्याची पद्धत वाइनच्या धंद्यात रुळलेली आहे, आणि इन्व्हेस्टमेंट कास्टिंगमध्ये मेणाच्या नमुन्यावर चढवलेले सिरॅमिकचे कवच बांधून ठेवण्याचे काम हाच द्राव करतो. हाच द्राव स्प्रे ड्रायर या यंत्रात बारीक तुषारांच्या रूपाने गरम हवेत सोडला, तर त्याची पिठासारखी पांढरी पूड होते. तिचा एकेक कण जेमतेम ४ मायक्रोमीटरचा असतो आणि २२ नॅनोमीटरचे सुमारे ३८ लाख मणी एकमेकांना चिकटून तो बनलेला असतो. मण्यांमध्ये राहिलेल्या फटी म्हणजेच त्याची छिद्रे. औषध किंवा सुगंधी तेल धरून ठेवणे, उत्प्रेरकाला आधार देणे, क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभात भरणे, ही सारी कामे या फटींच्या जोरावर चालतात.

हा लेख एम.एस्सी. किंवा अभियांत्रिकीचा प्रकल्प हाती घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी, आणि अंबड-सातपूरच्या एखाद्या छोट्या कारखान्यात नवा स्प्रे ड्रायर आला म्हणून त्याच्यासमोर उभे केलेल्या तंत्रज्ञांसाठी आहे. त्यात दोनच बॅच सांगितल्या आहेत: पहिली नुसत्या सिलिकाची, दुसरी पॉलिस्टायरीनचे साचे मिसळलेली. दोन्ही पाण्यातल्या आहेत. नवख्यांच्या बाबतीत मला सतत जाणवलेली गोष्ट अशी की त्यांचे सारे लक्ष यंत्राच्या तापमानाकडे असते आणि बाटलीतल्या द्रावाकडे जवळजवळ नसते. छिद्र केवढे असेल, पृष्ठफळ किती येईल, हे पंप सुरू होण्याच्या आधीच ठरलेले असते. यंत्र ते सांभाळते किंवा बिघडवते, एवढेच त्याच्या हाती असते.

काम सुरू करण्यापूर्वी

सुरक्षिततेचा भाग मी लेखाच्या शेवटी ढकलत नाही, कारण ही पूड डोळ्यांना न दिसता हवेत तरंगते. कोलॉइडल सिलिका अस्फटिक असते. दगडखाणीतल्या कामगारांना ज्या स्फटिकी सिलिकामुळे सिलिकोसिस होतो, ती ही नव्हे. तरीही ४ मायक्रोमीटरचा कण थेट फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोहोचतो, म्हणून एन-९५ दर्जाचा मास्क, बंद चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय पुडीची बरणी उघडू नये. सांडलेली पूड कोरड्या झाडूने कधीही झाडू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. ड्रायरची बाहेर जाणारी हवा फिल्टरमधून काढून खोलीबाहेर सोडावी.

दुसरी खबरदारी अशी की पहिल्या बॅचला अल्कोहोलला हात लावू नये. साध्या उघड्या ड्रायरमध्ये इथेनॉल फवारणे म्हणजे गरम हवेत ज्वालाग्राही वाफ सोडणे आहे. त्यासाठी नायट्रोजनवर चालणारी बंद यंत्रणा लागते, ऑक्सिजन मोजणारे उपकरण लागते आणि ते चालवणारा अनुभवी माणूस लागतो.

द्राव: इथे घाई करू नये

बाजारात मिळणारी कोलॉइडल सिलिका सहसा ३० ते ५० टक्के असते आणि तिचा पीएच ९ ते १० च्या दरम्यान ठेवलेला असतो. या पीएचला प्रत्येक मण्यावर ऋण भार असतो, त्यामुळे मणी एकमेकांना दूर लोटतात आणि द्राव महिनोन्महिने तसाच राहतो. हा भार टिकवण्यासाठी कंपन्या सोडियम किंवा अमोनियम वापरतात. आपल्याला अमोनियमने स्थिर केलेला द्राव हवा, कारण अमोनिया वाळवताना आणि भाजताना उडून जातो. सोडियम मात्र कणातच राहतो, आणि पुढे भट्टीत सिलिकाला मऊ करून छिद्रे मिटवतो. तापमान आणखी वाढले तर तो अस्फटिक सिलिकाचे क्रिस्टोबलाइटमध्ये रूपांतर होण्यास मदत करतो, आणि ते स्फटिकी असल्यामुळे सुरक्षिततेचा सगळा हिशेब बदलतो. द्राव मागवताना म्हणूनच टक्केवारी, मण्यांचा व्यास आणि स्थिर करणारा आयन या तीनही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात.

मण्याच्या व्यासावरून पृष्ठफळ काढणे सोपे आहे. अस्फटिक सिलिकाची घनता २.२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरली, तर ६ ला घनता आणि व्यासाच्या गुणाकाराने भागले की विशिष्ट पृष्ठफळ येते. २२ नॅनोमीटरच्या मण्यांसाठी ते दर ग्रॅमला सुमारे १२४ चौरस मीटर भरते आणि १२ नॅनोमीटरच्या मण्यांसाठी सुमारे २२७. मणी अस्ताव्यस्त पण घट्ट रचले गेले तर साधारण ६४ टक्के जागा त्यांनी व्यापलेली असते आणि ३६ टक्के फटी उरतात. म्हणजे दर ग्रॅमला ०.२६ घनसेंटिमीटर छिद्रघनफळ, आणि २२ नॅनोमीटरच्या मण्यांत सुमारे ८ नॅनोमीटरची छिद्रे. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत, कारण शेवटी मोजमापे आली की ती यांच्याशीच ताडून पाहायची आहेत.

पातळ करण्यासाठी डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणीच वापरावे. आपल्याकडच्या बेसाल्टमधल्या बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतात, आणि हे दोन धनभारी आयन मण्यांवरचा ऋण भार झाकून टाकतात. सुरुवातीच्या दिवसांत डिस्टिल्ड पाणी संपले म्हणून मी नळाच्या पाण्याने बाटली पूर्ण केली होती. अर्ध्या तासात द्राव दुधाळ झाला आणि पंपाच्या नळीत बारीक गुठळ्या अडकल्या. तो दिवस नोझल उघडण्यात गेला आणि बॅच फेकावी लागली.

पीएचच्या बाबतीतही असेच आहे. ५ ते ६ च्या आसपास सिलिकाचा सोल सर्वांत लवकर थिजून जेल होतो. म्हणून आम्ल घालून पीएच ‘सात’ करण्याचा मोह टाळावा आणि द्राव आला तसा आम्लारीच ठेवावा. छिद्रे मिळवण्यासाठी मीठ मिसळून ते नंतर धुऊन काढावे, ही कल्पनाही नवख्यांना सुचते. ती चूक नाही, पण मीठ घालताच सोल अस्थिर होत असल्यामुळे पहिल्या प्रयत्नासाठी योग्य नाही.

साठवणीत थंडी सांभाळावी लागते. कोलॉइडल सिलिका गोठली की मणी बर्फाच्या स्फटिकांमध्ये दाबले जाऊन कायमचे चिकटतात, आणि वितळल्यावर तळाशी पांढरा गाळ उरतो. तो कितीही ढवळला तरी पुन्हा सोल होत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे द्राक्षबागांना थंडी लागू नये म्हणून शेतकरी शेकोट्या पेटवतात. त्या भागात पत्र्याच्या शेडमध्ये पिंप ठेवले असेल, तर ते भिंतीपासून आणि उघड्या जमिनीपासून दूर, ५ अंशांच्या वर राहील असे ठेवावे. प्रयोगशाळेत मात्र धोका फ्रीजचा असतो. फ्रीझरला लागून ठेवलेली बाटली रात्रीतून वाया जाते.

आता पहिल्या बॅचचे माप. ४० टक्के सोल १०० ग्रॅम घ्यावा. मॅग्नेटिक स्टररवर तो सावकाश ढवळत असताना ३०० ग्रॅम डिस्टिल्ड पाणी हळूहळू ओतावे. सोलमध्ये पाणी घालावे, पाण्यात सोल ओतू नये, म्हणजे भांड्यात सगळीकडे संहती सावकाश बदलते. एकूण ४०० ग्रॅम द्राव होतो, त्यात १० टक्के म्हणजे ४० ग्रॅम सिलिका असते आणि त्याचे आकारमान सुमारे ३८० मिलिलिटर भरते. तो बारीक जाळीच्या गाळणीतून गाळून घ्यावा. नोझलचे छिद्र ०.७ मिलिमीटरचे असते आणि वाळलेल्या सोलची एक खपलीसुद्धा ते बंद करू शकते.

थेंबाचे काय होते

यंत्र सुरू करण्याआधी एका थेंबाचा प्रवास डोळ्यांसमोर आणावा, कारण पुढचे सगळे आकडे त्यातूनच येतात. दोन-प्रवाही नोझलमध्ये दाबाखालची हवा द्रावाला फाडते आणि साधारण १० ते २० मायक्रोमीटरचे थेंब होतात. थेंब गरम हवेत शिरतो, पण हवा १६० अंशांची असली तरी पाणी उडत असेपर्यंत तो स्वतः ४५ अंशांच्या आसपासच राहतो. मातीच्या माठातले पाणी उन्हाळ्यात गार राहते, त्याच कारणाने. सेकंदाच्या काही शतांश भागात थेंब आक्रसतो आणि मणी जवळ येतात. मण्यांच्या फटींतले पाणी बाहेर पडताना केशाकर्षणाने त्यांना घट्ट ओढून घेते. १० टक्के सोलच्या १० मायक्रोमीटरच्या थेंबातून असा सुमारे ४.२ मायक्रोमीटरचा कण उरतो.

सगळे सुरळीत झाले तर कण भरीव आणि गोल होतो. पण पृष्ठभागावरून पाणी फार वेगाने उडाले, तर मण्यांना आत सरकायला वेळ मिळत नाही. ते बाहेरच दाटतात, वरती साल धरते, आणि आतले पाणी निघून जाताना ती साल आत खचते. द्राक्षाचा बेदाणा होताना सालीला सुरकुत्या पडतात, तसेच इथे घडते. सूक्ष्मदर्शकाखाली असे कण मेदुवड्यासारखे, मधोमध खड्डा असलेले, किंवा पोकळ फुग्यासारखे दिसतात. मणी पाण्यात किती वेगाने फिरतात हे त्यांच्या व्यासावर अवलंबून असते आणि पाणी किती वेगाने उडते हे हवेवर. या दोन वेगांचे प्रमाण पेक्लेट अंकाने मांडतात, आणि तो १ च्या खूप वर गेला की सालीचा त्रास सुरू होतो. मोठ्या थेंबांत हा दोष अधिक दिसतो. म्हणून पहिला उपाय इनलेट, म्हणजे आत शिरणाऱ्या हवेचे तापमान, कमी करण्याचा आणि दुसरा फवारणीची हवा वाढवून थेंब बारीक करण्याचा.

द्रव तुषारांतून वाळवण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत सॅम्युएल पर्सी याने तिचे पेटंट १८७२ मध्येच घेतले होते. दुधाची पावडर याच मार्गाने घराघरात पोहोचली. नॅनोकणांचा सोल वाळवून आतली रचना हवी तशी घडवणे मात्र अलीकडचे आहे.

यंत्र चालवणे

क्रम असा ठेवावा. सर्वांत आधी ॲस्पिरेटर (यंत्रातून हवा ओढणारा पंखा), मग हीटर, मग नोझलची हवा, आणि शेवटी पंप. ॲस्पिरेटर न लावता हीटर पेटवला तर उष्णता एका जागी कोंडते. नोझलची हवा नसताना पंप सुरू झाला तर द्राव फवारला न जाता चेंबरमध्ये ओघळतो. कॉम्प्रेसरची हवा तेलविरहित आणि कोरडी असावी, कारण तेलाचा अंश पुडीत उतरतो आणि भाजताना करपून तिला पिवळट रंग आणतो. लहान प्रयोगशाळेच्या यंत्रावर फवारणीची हवा ताशी ४०० ते ६०० लिटर आणि ॲस्पिरेटरचा प्रवाह ताशी सुमारे ३५ घनमीटर ठेवावा. इनलेट १६० अंशांवर लावावे.

पंपाची नळी सुरुवातीला द्रावात टाकू नये. डिस्टिल्ड पाण्याच्या चंचुपात्रात टाकावी आणि मिनिटाला ५ मिलिलिटर या वेगाने १५ ते २० मिनिटे नुसते पाणी फवारावे. या वेळात आउटलेटचा, म्हणजे बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानाचा, आकडा खालीवर होतो आणि मग एका जागी स्थिरावतो.

हाच तो आकडा, जो नवख्यांना सर्वांत जास्त गोंधळात टाकतो. इनलेटचे बटण असते, आउटलेटचे नसते. आउटलेट हा परिणाम आहे, आणि तो इनलेट, पंपाचा वेग, हवेचा प्रवाह, खोलीची थंडी या सर्वांतून जुळून येतो. थोडा हिशेब करून पाहावा. ताशी ३५ घनमीटर म्हणजे नाशिकच्या उंचीवर सुमारे ३८ किलो हवा. मिनिटाला ५ मिलिलिटर म्हणजे ताशी ०.३ किलो पाणी, आणि ते उडवायला सुमारे ७६५ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्याने ही हवा जेमतेम २० अंशांनी गार होते. इनलेट आणि आउटलेट यांच्यातली उरलेली सगळी तफावत काचेच्या भिंतींतून निसटणाऱ्या उष्णतेची असते. म्हणूनच जानेवारीच्या सकाळी आणि एप्रिलच्या दुपारी एकाच सेटिंगला आउटलेट वेगळे येते, आणि पंख्याचा झोत चेंबरवर येत असेल तरीही येते. समुद्रसपाटीच्या तुलनेत आपल्याकडची हवा ६ ते ७ टक्के विरळ आहे, तेव्हा मुंबईहून आलेली सेटिंगची चिठ्ठी जशीच्या तशी लागू पडली नाही तर यंत्राला दोष देऊ नये.

आपल्याला आउटलेट ८५ ते ९० अंशांच्या दरम्यान हवे आहे. ते वर असेल तर पंप किंचित वाढवावा, खाली असेल तर कमी करावा, आणि प्रत्येक बदलानंतर निदान ५ मिनिटे थांबावे. आकडा स्थिर झाला की नळी पाण्यातून काढून द्रावात टाकावी. द्रावात पाण्याचा वाटा थोडा कमी असल्यामुळे आउटलेट एखाद्या अंशाने चढते, ते स्वाभाविक आहे. ३८० मिलिलिटर द्राव संपायला सुमारे ७५ मिनिटे लागतात. दर १० मिनिटांनी इनलेट, आउटलेट, पंप आणि हवा वहीत नोंदवावी, आणि त्या दिवसाच्या नोंदीच्या वर खोलीचे तापमान व आर्द्रताही लिहावी.

पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. जुलैत २५ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची हवा दर किलोमागे सुमारे १९ ग्रॅम बाष्प आधीच घेऊन यंत्रात शिरते. आपण घातलेले पाणी तिच्यात आणखी ८ ग्रॅमचीच भर घालते. म्हणजे बाहेर पडणाऱ्या हवेत आपल्या द्रावापेक्षा आभाळाचेच पाणी जास्त असते. तिचा दवबिंदू २८ अंशांच्या आसपास जातो, आणि पूड जमा करणारी काचेची बरणी गार असेल तर आतून तिला दव धरते. हिवाळ्यात बाहेरची हवा कोरडी असते, पण सकाळी बरणीच थंडगार असते आणि तोच प्रकार घडू शकतो. उपाय साधा आहे. बरणीला बाहेरून जाड कापड गुंडाळावे आणि दर अर्ध्या तासाने पूड उबदार असतानाच दुसऱ्या घट्ट झाकणाच्या डब्यात काढून घ्यावी.

भिंतीवर काय जमते ते पाहत राहावे. कोरडी, हलकी, बोट लावताच पडणारी पूड चिकटणे चालते. ओला, काचेला धरून बसलेला पापुद्रा नोझलसमोर दिसला तर थेंब मोठे होत आहेत किंवा पंप जास्त आहे. आउटलेट अचानक वर जाऊ लागले तर द्राव येत नाही, म्हणजे नोझल चोंदले आहे. नोझलची सफाई करणारी सुई असेल तर ती वापरावी. नसेल तर पुन्हा पाण्यावर यावे.

द्राव संपत आला की नळी डिस्टिल्ड पाण्यात टाकून ५ मिनिटे फवारावे, मग पंप बंद करावा, मग हीटर, आणि ॲस्पिरेटर व नोझलची हवा आउटलेट ६० अंशांखाली येईपर्यंत चालू ठेवावी. नोझल लगेच उघडून धुवावे, कारण सिलिकाचा सोल एकदा वाळला की पाण्यात पुन्हा विरघळत नाही. दुसऱ्या दिवशी धुऊ म्हटले, तर ते खरडावे लागते.

मिळालेल्या पुडीचे वजन करून ४० ग्रॅमशी ताडावे. सगळी पूड कधीच हाती लागत नाही. काही भिंतीवर राहते, आणि २ मायक्रोमीटरहून बारीक कण लहान सायक्लोनला (हवा गरगर फिरवून पूड वेगळी करणाऱ्या भागाला) पकडता येत नाहीत, ते हवेबरोबर फिल्टरमध्ये जातात.

दुसरी बॅच: साच्याची

पहिल्या बॅचमधली छिद्रे ८ नॅनोमीटरच्या आसपासची. मोठा रेणू आत जायचा असेल, किंवा द्रव झटकन शोषला जावा असे वाटत असेल, तर कणात मोठे मार्ग ठेवावे लागतात. त्यासाठी सोलमध्ये पॉलिस्टायरीनचे गोल कण मिसळतात, दोन्ही मिळून वाळवतात, आणि मग पॉलिस्टायरीन जाळून टाकतात. ते जिथे होते तिथे गोल पोकळी उरते. जपानमध्ये हिरोशिमा विद्यापीठात किकुओ ओकुयामा यांच्या गटाने ही रीत नीट अभ्यासून प्रकाशित केली, आणि अशा पूडीचा अभ्यास करणाऱ्याने त्यांचे काम पाहिल्याशिवाय राहू नये.

माप असे: ४० टक्के सोल १०० ग्रॅम, २०० नॅनोमीटरच्या पॉलिस्टायरीनचे १० टक्के लॅटेक्स (पाण्यात तरंगणारे पॉलिस्टायरीनचे कण) २०० ग्रॅम, डिस्टिल्ड पाणी १०० ग्रॅम. साचा मण्याच्या साधारण ९ पट मोठा असल्यामुळे मणी त्याच्या भोवतीच्या सांध्यांत व्यवस्थित भरतात. लॅटेक्सही ऋणभारी असावे, म्हणजे दोघे एकमेकांना चिकटणार नाहीत. सगळा साठा एकत्र करण्याआधी दोन्हींचे १०-१० मिलिलिटर एका छोट्या बाटलीत मिसळून रात्रभर ठेवावेत. सकाळी तळाशी गाळ दिसला तर दुसरे लॅटेक्स शोधावे.

काय अपेक्षित आहे ते आधीच काढता येते. ४० ग्रॅम सिलिका फटींसह सुमारे २८.४ घनसेंटिमीटर जागा घेते, आणि २० ग्रॅम पॉलिस्टायरीन, १.०५ घनता धरून, १९ घनसेंटिमीटर. जळून गेल्यावर एकूण ४७.४ घनसेंटिमीटरमध्ये २९ च्या वर पोकळीच असते, म्हणजे सच्छिद्रता सुमारे ६२ टक्के आणि छिद्रघनफळ दर ग्रॅमला ०.७३ घनसेंटिमीटर. लॅटेक्स याहून फार वाढवण्याचा मोह धरू नये. भिंती पातळ होत गेल्या की कण भट्टीत कोसळतात.

फवारणी पहिल्या बॅचसारखीच करावी, पण आउटलेट ९० च्या वर अजिबात जाऊ देऊ नये. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ होते, आणि मऊ झालेला साचा दबला की पोकळी गोल राहत नाही.

भाजणे

वाळलेली पूड चिनी मातीच्या किंवा ॲल्युमिनाच्या उथळ ताटलीत १ सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीच्या थरात पसरावी. खोल मुशीत ढीग केला तर आतल्या पुडीला हवा मिळत नाही, पॉलिस्टायरीन पूर्ण जळत नाही, आणि मधोमध राखाडी गाभा उरतो. मफल भट्टीचे धुराडे बाहेर काढलेले हवे, कारण ३०० ते ४५० अंशांच्या दरम्यान स्टायरीनची वाफ निघते. तापमान मिनिटाला २ अंशांनी वाढवत ५५० पर्यंत न्यावे, याला सव्वाचार तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. तिथे ५ तास ठेवून भट्टी बंद करावी आणि ती आपोआप गार होऊ द्यावी. मध्येच दार उघडून पाहू नये. पहिली बॅचही याच तापमानाला भाजावी, म्हणजे दोन्हींची तुलना न्याय्य होईल आणि मण्यांचे सांधेही पक्के होतील.

भाजण्याआधी आणि नंतर वजन घ्यावे. दुसऱ्या बॅचमध्ये एकतृतीयांश वजन पॉलिस्टायरीनचे असते, वर काही टक्के ओलावा. घट ३३ टक्क्यांपेक्षा कमी आली किंवा रंग शुभ्र नसला, तर थर आणखी पातळ करून पुन्हा भाजावे. ५५० वरून तापमान ८०० - ९०० पर्यंत वाढवून प्रश्न सोडवू नये, कारण तिथे मणी मऊ होऊन एकजीव होऊ लागतात आणि ज्यासाठी सगळा खटाटोप केला ती छिद्रेच मिटतात.

यंत्राविना करता येणाऱ्या तपासण्या

पृष्ठफळ मोजणारे बीईटीचे यंत्र जवळ नसले तरी दोन साध्या तपासण्या त्याच दिवशी करता येतात, आणि मी त्यांना फार महत्त्व देतो. पहिली थोपटलेल्या घनतेची. १० मिलिलिटरच्या मोजपात्रात पूड भरून ती बसणे थांबेपर्यंत टेबलावर हलकेच थोपटावे आणि वजनाला आकारमानाने भागावे. भरीव कणांची पहिली बॅच ०.८ ग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास आणि साच्याची ०.५ च्या आसपास यायला हवी. पहिली बॅचच ०.४ आली तर कण पोकळ झाले आहेत, असे सूक्ष्मदर्शकाशिवायही सांगता येते.

दुसरी तपासणी पाण्याच्या थेंबांची. भाजलेली पूड १२० अंशांना २ तास वाळवून १ ग्रॅम घ्यावी आणि ब्युरेटमधून एकेक थेंब पाणी टाकत काचेच्या दांड्याने हलवत राहावे. पाणी छिद्रांत शिरत असेपर्यंत पूड कोरड्या वाळूसारखी मोकळी राहते. छिद्रे भरली की पुढच्या एक-दोन थेंबांत ती एकदम गोळा धरते. तोवर गेलेले पाणी म्हणजे अंदाजे छिद्रघनफळ. पहिल्या बॅचला ०.२६ आणि दुसरीला ०.७३ मिलिलिटरच्या जवळपास आकडा आला, तर हातातले काम बरोबर चालले आहे. विद्यार्थ्यांना हा प्रयोग करताना पाहणे मला फार आवडते, कारण नजरेला न दिसणारी पोकळी त्या क्षणी हाताला जाणवते.

नमुना नायट्रोजन शोषणासाठी बाहेर पाठवायचा असेल, तर तो १५० ते २०० अंशांना निर्वात करून ७७ केल्विनला मोजावा असे कळवावे. ब्रुनॉर, एमेट आणि टेलर या तिघांनी १९३८ मध्ये मांडलेल्या बीईटी समीकरणातून पृष्ठफळ निघते, आणि सापेक्ष दाब ०.०५ ते ०.३० या टप्प्यातले बिंदू त्यासाठी धरतात. इथे एका गैरसमजापासून सावध राहावे. साचा वापरला म्हणून पृष्ठफळ वाढत नाही. २०० नॅनोमीटरच्या पोकळीची भिंत त्याच २२ नॅनोमीटरच्या मण्यांची बनलेली असते, म्हणून दोन्ही बॅचचे पृष्ठफळ १२४ च्या आसपासच यायला हवे. साच्याने वाटा रुंद होतात, शोषण जलद होते, पण पृष्ठफळ मण्यानेच दिलेले असते. ते वाढवायचे असेल तर बारीक मण्यांचा सोल घ्यावा. आकडा ६० वर घसरला असेल तर भट्टीचे तापमान आणि सोडियम या दोन्ही गोष्टी तपासाव्यात. शिवाय ५० नॅनोमीटरहून मोठी छिद्रे नायट्रोजनच्या मोजणीत नीट उतरत नाहीत, ती पाऱ्याच्या पोरोसिमीटरने किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहावी लागतात.

धुवणाचे पाणी आणि साठवण

नोझल आणि चेंबर धुतलेले पाणी सरळ गटारात सोडू नये. ते एका बादलीत साठवावे, त्यात थोडे मीठ आणि पीएच ५ ते ६ होईपर्यंत सौम्य ॲसेटिक आम्ल घालावे. सोलला आपण वर ज्यापासून जपत होतो, तेच इथे मुद्दाम घडवायचे. काही तासांत जेल धरते, ते कापडातून गाळून वाळवावे आणि घन कचऱ्याच्या नियमाप्रमाणे द्यावे.

तयार पूड रबरी गॅस्केटच्या झाकणाच्या बरणीत ठेवून तीवर सोलचा लॉट, मण्यांचा व्यास, फवारणीची आणि भाजण्याची तारीख, आउटलेटचा आकडा आणि त्या दिवशीची आर्द्रता लिहावी. सिलिकाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते हवेतले पाणी ओढून घेतात, म्हणून जून ते सप्टेंबरच्या दरम्यान बरणी उघडून थेट वजन केलेली पूड प्रयोगात घालू नये. ती १२० अंशांना २ तास वाळवून डेसिकेटरमध्ये गार करावी आणि मगच तोलावी. दोन्ही बॅच अशा नोंदींसह हाती आल्या, की तिसऱ्या वेळी १२ नॅनोमीटरचा सोल घ्यावा आणि बाकी काहीही बदलू नये.